वाकळेचे थर

गेल्या वर्षी घट बसायच्या आधी घरातली अंथरुणं धुवायला काढली. आमच्या माणदेशात याला 'दसरा काढणं' म्हणतात. पूर्वी बायका वाकळांचे बिंडे डोक्यावर घेऊन ओढ्याला जायच्या. आता ओढ्याला पाणी कुठलं? विहिरीवरची मोटार चालू करायची आणि हौदावरच धुणं उरकायचं. सुनेनं माळ्यावरची माझ्या आईची वाकळ खाली काढली, सोड्याच्या पाण्यात भिजत घातली. भिजलेली वाकळ म्हणजे मेलेल्या रेडकासारखी जड. सून आणि शेजारची एकजण दोन टोकं धरून पिळायला लागल्या, आणि मधनं टर्रकन आवाज आला.

मी गोठ्यात होतो. धावत आलो. वरचं नायलॉनचं लुगडं फाटलं नव्हतं, ते नव्यासारखं चकाकत होतं. त्याची शिवण उसवली होती आणि आतला सुती कापडांचा लगदा बाहेर आला होता. सून घाबरली. म्हणाली, "आण्णा, माझ्याकडनं चूक झाली."

मी काय बोलणार? आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झालेली. तिच्या हातच्या तीन वाकळा घरात होत्या. त्यातली एक मी बैलाला झूल केली, दुसरी पावसात इंजिन झाकायला नेली. तेलानं माखून तिचा काळा गोळा झाला, तो बांधावर कुजून गेला. तेव्हा मला काही वाटलं नाही. ही तिसरी उरली ती माळ्यावर विसरली होती म्हणून. तेव्हा चूक कुणाची काढायची?

कुणीतरी म्हणालं, द्या टाकून. सून म्हणाली, "टाकायची कशाला? वाळू द्या. मी उसवून बघते, चांगले तुकडे निघतील."

इथं सुनेच्या उद्योगाबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या गावातल्या बायकांचा एक बचत गट आहे. तालुक्याच्या शिंप्यांकडं कापल्यावर उरलेल्या चिंध्या पडतात, कुणाचं ब्लाउजचं अस्तर, कुणाच्या पडद्याचं टोक, शाळेच्या गणवेशाचे निळे तुकडे. पूर्वी ते उकिरड्यावर जायचं, नाहीतर गॅरेजवाले हात पुसायला न्यायचे. या बायका ते किलोवर आणतात. रंगाप्रमाणं वेगळे करतात, धुतात, इस्त्री करतात, जोडतात आणि त्याच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, पोळ्यांच्या डब्याचे रुमाल करतात. नुसत्या जोडलेल्या चिंध्यांना गिऱ्हाईक कमी. म्हणून त्यावर रंगानं छाप मारतात. मोर, बैलजोडी, तुळशीवृंदावन. साचा कापायला दवाखान्यातले जुने एक्स-रे वापरतात. ती फिल्म कडक असते, पाण्यानं फुगत नाही आणि पुसून शंभर वेळा वापरता येते. एका पिशवीमागं खर्च जाऊन तीस-चाळीस रुपये सुटतात.

पहिल्यांदा सुनेनं मला छाप मारून दाखवला तेव्हा रंग साच्याखाली पसरला आणि मोराची घूस झाली. मी हसलो. ती म्हणाली, "हसताय काय, तुम्ही करून दाखवा." मी स्पंज घेतला, रंगात बुडवला, रद्दी कागदावर दहा वेळा आपटून जवळजवळ कोरडा केला आणि मग साच्यावर उभा टेकवत गेलो. घासायचं नाही, टेकवायचं. साचा उचलला तर मोर स्वच्छ. पोरगी बघतच राहिली. तिला ठाऊक नव्हतं की तिचा सासरा एके काळी मार्का मारणारा होता.

जुनी अकरावी जाऊन दहावी आली त्या काळातला मी. दहावी झालो आणि शिक्षण थांबलं. दोन वर्षं मी बाजाराच्या गावी एका आडतीवर पोऱ्या म्हणून होतो. माल भरला की दाभणानं पोत्याचं तोंड शिवायचं आणि पोत्यावर आडत्याचा मार्का मारायचा. त्याचा साचा पत्र्याचा. तेलाचा डबा कापून सपाट करायचा, त्यावर अक्षरं खडूनं काढायची आणि छन्नीनं कोरायची. दिव्याची काजळी रॉकेलात कालवली की झाली शाई. कापडाचा बोळा काठीला बांधला की झाला ब्रश. देवनागरी अक्षरं कोरणं सोपं नसतं. 'क' असो, 'व' असो की 'ब', त्यांच्या पोटात पोकळी असते. कडेनं कोरत गेलं की ते पोट गळून खाली पडतं आणि छापात अक्षराच्या जागी नुसता काळा ठिपका उमटतो. म्हणून पोट धरून ठेवायला पत्र्याची बारीक दांडी शिल्लक ठेवायची. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन डबे वाया घालवले, आडत्याच्या शिव्या खाल्ल्या, मग आपोआप जमलं.

त्या आडतीवर मी आणखी एक गोष्ट शिकलो. तागाचं पोतं एकदाच वापरून कुणी टाकत नसे. एका पोत्यावर चार-चार मार्के असायचे. एकावर एक, काही पुसट, काही उलटे, कारण पोतं उलटं करूनही वापरत. रिकाम्या वेळेत मी ते वाचत बसायचो. हे पोतं आधी साखरेचं होतं, मग गव्हाचं, मग आपल्याकडं ज्वारी भरायला आलं. पोतं बोलत नाही, पण कुठं कुठं फिरलं ते अंगावर घेऊन फिरतं. पुढं खताची प्लॅस्टिकची पोती आली. १९८७ साली दिल्लीत कायदा झाला की ठरावीक माल तागाच्याच पोत्यात भरायचा, तरी आमच्या घरात प्लॅस्टिक शिरलं ते शिरलंच. त्याचा वाकळेला काही उपयोग नाही. उन्हानं त्याचा भुगा होतो, आणि अंगाखाली घेतलं तर रात्रभर कुरकुरतं.

तर आईची वाकळ. दोन दिवस उन्हात वाळली. तिसऱ्या दिवशी पडवीत घोंगडं अंथरून सुनेनं ब्लेडनं टाके उसवायला घेतले. थोरली अक्का दसऱ्याला माहेरी आलेली, तीही चष्मा लावून बसली. सत्तरी गाठली तरी तिची नजर अजून टाक्यावर पक्की. मी आपला सहज टेकलो तो दुपारपर्यंत उठलोच नाही.

ज्यांनी वाकळ शिवताना बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं वाकळ उन्हाळ्यात शिवायची, सुगी आटपल्यावर आणि पाऊस यायच्या आधी. सारवलेल्या अंगणात एक जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर धोतरं, सदऱ्याच्या पाठी, बाळुती, जे काय असंल ते एकसारखं पसरायचं. वर दुसरं लुगडं. मग कडेनं धावदोरा घालत बायका आतल्या बाजूला सरकत जायच्या. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. दोरासुद्धा विकत आणायचा नाही, जुन्या लुगड्याच्या काठातनं ओढून काढायचा. आठ-दहा वर्षांनी वरचं लुगडं विरलं की वाकळ टाकायची नाही, तिच्यावरच नवं चढवायचं आणि पुन्हा टाके मारायचे. म्हणून जुन्या वाकळेत वाकळ असते आणि तिच्यात आणखी वाकळ. विहीर खणताना कसं, वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण? तसंच. जितकं खाली जाल तितकं जुनं.

पहिला थर त्या नायलॉनच्या लुगड्याचा. ते मीच आणलं होतं. कांद्याला एका साली बरा भाव लागला, लोणंदला माल घालून येताना आईला फुलाफुलाचं लुगडं घेतलं. तिनं ते चार वेळासुद्धा नेसलं नसंल. म्हणायची, "घाम पीत न्हाई बाबा हे, अंगाला चिकाटतंय." वाकळेला घातलं तर सुई त्यावरनं घसरायची. सुती कापड जुनं होईल तसं मऊ होतं, दोऱ्याला धरतं, शेवटी त्याच्याबरोबरच विरतं. नायलॉन कुणाशी एकजीव होत नाही. आतलं सगळं कुजलं तरी ते वर चकाकत राहिलं. फाटायचं ते मधेच फाटलं.

दुसरा थर उसवला तर आत पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचे लांब लांब तुकडे निघाले. मी लगेच ओळखलं. तात्याचे. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, मुंबईत गिरणीत साच्यावर होते. कापड विणणाऱ्या मागाला गिरणीत साचाच म्हणत. आमच्या भागातल्या घराघरातला एक माणूस तिकडं असायचा, नाहीतर गोदीत-बाजारात पाठीवर ओझी वाहायचा. ताणा तुटून धागा गेलेलं, डाग पडलेलं कापड कापून काढत, त्याला गिरणीत 'फेंट' म्हणत. ते कामगारांना स्वस्तात मिळायचं. दिवाळीला तात्या आला की ट्रंकेत फेंटाची चवड असायची. आम्हा पोरांच्या चड्ड्या, बायकांच्या चोळ्या, उशीच्या खोळी, सगळं त्यातनं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तात्या पहिल्यांदा गावी आला तेव्हा म्हणाला, दोन महिन्यांत मिटंल. दुसऱ्यांदा आला तेव्हा काही म्हणाला नाही. तिसऱ्यांदा ट्रंक घेऊनच आला. संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही, माणसं एकेक करून परतली किंवा परतली नाहीत. तात्या परतला नाही. सकाळी पाचला उठून बसायचा, पाळीला जायचं असल्यासारखा. आईनं त्या उन्हाळ्यात ट्रंकेतले उरलेले सगळे फेंट वाकळेवर चढवले आणि वाकळ तात्याला दिली. तेव्हा मला वाटलं, दिराला पांघरूण नाही म्हणून दिली असंल. आता वाटतं, तिनं ट्रंक रिकामी केली. रोज उघडून बघायला त्यात काही ठेवलं नाही.

तिसरा थर जड होता. तागाचं बारदान. ते घामाच्या आणि धुरळ्याच्या रंगाचं झालं होतं. हा थर १९७२ च्या दुष्काळाचा. मी तेव्हा बारा वर्षांचा, मला सगळं आठवतं. जित्राबं छावणीला आणि माणसं खडी फोडायला. आई-वडील दोघं पाझर तलावाच्या कामावर. रेशनला तांबडा मिलो यायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. कामावर सुखडी मिळायची, ती आई पदरात बांधून आम्हाला आणायची. कामाचं ठिकाण लांब पडलं तेव्हा मुक्काम पालात. खाली खडी टोचायची म्हणून आईनं वाकळेला बारदानाचा थर लावला. त्याच सुमाराला महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला, हे पुस्तकात वाचायला मिळतं. पालात झोपणाऱ्या बायकांनी अंगाखाली काय घेतलं ते पुस्तकात नाही. ते या थरात होतं.

बारदानाच्या खालून एक पांढरट सुती तुकडा निघाला आणि अक्का खदाखदा हसायला लागली. त्यावर दोन हातांचं चित्र होतं, एकमेकांत गुंफलेले दोन पंजे, वर पट्टे आणि चांदण्या. ही अमेरिकेच्या मदतीच्या धान्याची पिशवी. अमेरिकेनं १९५४ साली एक कायदा केला, 'पी. एल. ४८०' म्हणून तो आपल्याकडं प्रसिद्ध झाला. त्याखाली साठच्या दशकात गव्हाची जहाजंच्या जहाजं आपल्याकडं आली. शाळेतही मदतीची दूध पावडर आणि सांजा यायचा. रिकाम्या पिशव्या गुरुजी गरजूंना देत. कापड घट्ट, चांगलं. आईनं त्याची मला चड्डी शिवली. छाप जाईना. राखेत उकळली, सोड्यात भिजवली, उन्हात घातली, छाप तसाच. मग तिनं चड्डी अशी बेतली की छाप मागच्या बाजूला आला. दोन देशांची दोस्ती मी दोन वर्षं बुडाखाली घेऊन शाळेत बसलो. पोरं मागनं येऊन "हात मिळव" म्हणून चापट मारायची. मी घरी येऊन रडलो तर आई म्हणाली, "आरं, छाप हाय म्हून कापड हाय. छाप नसता तर कुणी दिलं असतं?"

या बोलण्याचा अर्थ मला आडतीवर गेल्यावर थोडा कळला आणि आता जास्त कळतो.

हसणं थांबलं आणि सुनेनं पुढचा टाका उसवला. आतून एक वेगळंच कापड आलं. हिरवा खण, काठ लाल, एवढासा, वितीपेक्षा थोडा मोठा. कडेला टोपीसारखी चूण आणि बारीक गोंडा. बाळाची कुंची. वाकळेत घालताना कापड उलगडून पसरतात, कापून सरळ करतात. ही तशीच ठेवली होती, दुमडून, चारी बाजूंनी टाके घालून जागच्या जागी धरलेली.

सून म्हणाली, "आण्णा, तुमची का?"

मी अक्काकडं बघितलं. अक्काचं हसू गेलं होतं. ती म्हणाली, "ह्याची न्हाई. तिची हाय."

मग तिनं सांगितलं. माझ्या आधी एक मुलगी झाली होती. अक्का तेव्हा चार-पाच वर्षांची. बारशासाठी आईनं मामाकडनं आलेल्या खणाची कुंची शिवली. बारसं व्हायच्या आत पोरगी गेली. पावसाचे दिवस होते, ओढा भरलेला, वैद्याला आणायला गेलेले वडील पलीकडंच अडकले. एवढं अक्काला आठवत होतं. आईनं तिला एकदा, फक्त एकदा, तिच्या पहिल्या बाळंतपणात हे सांगितलं होतं. मला पासष्टाव्या वर्षी कळलं की आम्ही दोन नाही, तीन भावंडं होतो.

"कुठल्या साली?" मी विचारलं. अक्का म्हणाली, "साल कुणाला ठावं!"

मी कुंची हातात घेतली. आत मांजरपाटाचं अस्तर होतं. आडतीवरची खोड, उलटं करून बघायची. अस्तराच्या आतल्या बाजूला निळ्या शाईचा छाप होता, गिरणीच्या ठाणाच्या टोकाला असायचा तसा, अर्धा गेलेला. 'वार' वाचता येत होतं आणि एका आकड्यापुढं 'न. पै.'. न. पै. म्हणजे नये पैसे. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नये पैसे आले आणि १९६४ ला त्यातलं 'नये' गेलं. म्हणजे कापड १९५७ च्या आधीचं नाही. माझा जन्म १९६० चा, आणि ती माझ्या आधीची. म्हणजे १९५७, ५८ किंवा फार तर ५९, पावसाळा. मी पुढं जन्म-मृत्यूच्या नोंदीही विचारल्या. तिची नोंद नाही. त्या काळात घरात जन्मलेल्या आणि घरातच गेलेल्या पोरांची नोंद करायला कोण जात होतं? माझ्या बहिणीचा या जगात आलेला पुरावा म्हणजे एक हिरवा खण आणि गिरणीनं मारलेला भावाचा छाप.

सर्वात खालचा थर आजीचा. नऊवारी लुगड्याचा चौकडा, हात लावला की पीठ होत होतं. त्याला मधोमध दंड घातलेला. लुगडं मधे विरलं की आडवं कापायचं, विरलेलं काढायचं आणि धड टोकं एकमेकांना जोडायची, याला दंड घालणं म्हणतात. या लुगड्याला दोन दंड होते, म्हणजे दोनदा मरून जगलेलं लुगडं. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. कापड कार्डावर मिळायला लागलं, तेही मिळालं तर. आजी सांगायची, एका घरात दोन जावांत एक धड लुगडं, एकीनं बाजारला जायचं आणि दुसरीनं घरात बसायचं. त्याला ठिगळं सहा होती. मी मोजली.

सगळं उसवून झालं तेव्हा पडवीभर ऐंशी वर्षं पसरली होती. मी शाळेत इतिहास घोकला, लढाया आणि सनावळ्या. आमच्या घरातला एकही माणूस त्यात नव्हता. आई तर अंगठा उठवायची. सात-बाऱ्यावर ती वडील गेल्यावर आली, तेही मेहनतीनं. पण तिनं जे ठेवायचं ते ठेवलं होतं आणि कुठल्या दोन थरांच्या मधे ठेवायचं तेही तिला नीट ठाऊक होतं. मुलीची कुंची तिनं आजीच्या लुगड्याला लागून ठेवली होती. त्यावर माझी चड्डी, त्यावर दुष्काळ, त्यावर तात्याची गिरणी. दर उन्हाळ्यात ती त्यावर नवे टाके घालत गेली, आणि आम्ही सगळे आळीपाळीनं ते पांघरून झोपलो.

मला लाज वाटली. आता खोटं कशाला बोलू? माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुणे येणार म्हणून मीच या वाकळा खोपटात लपवल्या होत्या आणि उसन्या सोलापुरी चादरी आणून अंथरल्या होत्या. वाकळ म्हणजे गरिबीची खूण असं वाटायचं. वऱ्हाडात गाडगेबाबांना लोक 'गोधडेबुवा', 'चिंधेबुवा' म्हणायचे आणि त्यांच्या पाया पडायचे. आमच्या घरातली चिंधी मात्र आम्हाला डोळ्यासमोर नको होती. आणि दोन वाकळा मी तेलात आणि शेणात घालवल्या. त्यांच्यात काय होतं? वडिलांची असंल, आजोबांची असंल. आता ते कळायचं नाही.

सुनेनं विचारलं, "आता काय करायचं, आण्णा? गटातल्या बाया म्हणतात, जुन्या तुकड्यांच्या पिशव्या केल्या तर शहरात चांगले पैसे येतील." तिनं ते विचारायचं म्हणून विचारलं. तिच्या तोंडावर उत्तर दिसत होतंच. मी म्हणालो, "पुन्हा शिवायची. होती तशी."

होती तशी म्हणजे त्याच क्रमानं. कुजलेलं होतं ते मऊ मलमलीच्या दोन पदरांत धरलं, म्हणजे पीठ होऊन सांडणार नाही. अक्का आठ दिवस जास्त राहिली. टाके तिनं आणि सुनेनं घातले. वरच्या बाजूला नायलॉन नको म्हणालो. गटाकडं शिंप्याच्या दुकानातले सुती तुकडे होते, ते जोडून सुनेनं नवं कव्हर केलं. नवं कापड आधी धुऊन खळ काढली, नाहीतर रंग खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. मग म्हणाली, "यावर छाप काय मारू? बैलजोडी का मोर?"

मी म्हणालो, "साचा मी कापतो."

फिल्म शोधताना कपाटात आईचाच एक्स-रे सापडला. शेवटच्या दोन वर्षांत ती अंगणात पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हाचा. सून म्हणाली, दुसरी फिल्म आहे माझ्याकडं. मी म्हटलं, राहू दे, हीच घेऊ. उजेडात धरली तर हाड दिसत होतं आणि त्यातली तिरकी चीर. त्या चिरेच्या खालच्या मोकळ्या जागेत मी खिळ्यानं आईचं नाव लिहिलं. तिच्या नावात एक 'ब' आहे. चाळीस वर्षांनी छन्नीच्या जागी ब्लेड हातात होतं आणि हात थरथरत होता, तरी 'ब'चं पोट मी पडू दिलं नाही. दांडी ठेवली. नाव छापलं, खाली आजीचं नाव, तात्याचं नाव, आणि साली: १९४३, १९७२, १९८२. रंग वाळल्यावर सुनेनं उलट्या बाजूनं कडक इस्त्री फिरवली, म्हणजे तो पक्का होतो.

आईचं नाव इतक्या मोठ्या अक्षरात पहिल्यांदाच लिहिलं गेलं. मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा ते बारीक होतं, आणि चुकलेलं.

कुंचीच्या बरोबर वर, नव्या कव्हरावर, एक हिरवा चौकोन आला. सुनेनं मुद्दाम तसा जोडला. तिथं काय छापायचं यावर तिघं बराच वेळ बसलो. नाव छापावं तर बारसंच झालं नव्हतं. आपण आता ठेवावं का, असं सून म्हणाली. अक्का म्हणाली, "आईनं ठेवलं न्हाई, आपुन कोण?" शेवटी तो चौकोन कोराच ठेवला. सुनेनं त्याच्या चारी बाजूंनी तेवढा लाल दोरा फिरवला.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर, पेटीत, पलंगाखाली अशी एखादी वाकळ असंल. तिला गोधडी म्हणा, लेपटं म्हणा. पिशव्या कराव्यात, रंगवाव्यात, विकाव्यात, त्यात वावगं काही नाही. आमच्या गटातल्या बायकांचं घर त्यावर चालतं. पण कात्री लावायच्या आधी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि टाका टाका उसवून बघा. कापड उलटं करून बघा. छाप बहुतेक आतल्या बाजूला असतो.

आमची वाकळ आता माळ्यावर नाही. नातू पांघरतो. परवा त्यानं तिच्यावर दूध सांडलं. सून ओरडायला गेली, मी म्हटलं, राहू दे. दसऱ्याला धुऊ. फक्त पिळायची नाही, दोरीवर तशीच निथळत ठेवायची.